सुस्थितीत जमा

२५ सप्टेंबर २०१९, बुधवार

निवडणूक त्यांची, भांडणं त्यांची, आन् पोलीस ठाण्यात बंदुका जमा करायच्या कुणी? म्हाळू टर्नरनं! पस्तीस वर्षं कारखान्यात लेथवर उभा राहिलो, उभ्या जन्मात कावळ्यावर दगड टाकला न्हाई. माझ्या तिन्ही बंदुका पॉईंट टू टूच्या. गोळी पेन्सिलीएवढी बारीक. पुण्याच्या रेंजवर कागदाला भोकं पाडण्यापलीकडं त्यांनी कुणाचं काय वाकडं केलंय? पण आचारसंहिता लागली की आम्ही गुन्हेगार.

एक बंदूक देशी, एक चेकोस्लोव्हाकियाची. त्यांचं मला एवढं न्हाई. जीव तुटतो तो तिसरीसाठी. बेल्जियमची, नव्वद वर्षांची. नळीवर कंपनीनं ऑटोमॅटिक म्हणून कोरलंय. खरी तशी न्हवं, चाप ओढला की एकच गोळी सुटती, फक्त पुढची आपोआप चढती. आन् गोळ्या भरायच्या कुठनं, तर लाकडी दस्त्याला एक भोक हाय, तिथनं अकरा गोळ्या एकीमागं एक सरकवायच्या. अशी बंदूक सगळ्या तालुक्यात दुसरी न्हाई. शहाऐंशी साली एका रिटायर इंजिनिअरकडनं लायसनवर बदलून घेतली, तवा दस्ता चिरलेला होता. मी शिसवीचा नवा घडवला. चार महिने लागले.

आता खंडेनवमीला ही पोलिसांच्या कोठडीत असणार. शस्त्राला वर्षात एकदा मिळणारा मान चुकवायचा का? म्हणून आज सकाळीच पूजा उरकली. तानुबाई, माझी बायको, म्हणाली, “पितरांच्या दिवसांत कसली पूजा? इपरीत घडंल.” म्हणलं, देवाला क्यालेंडर वाचता येत न्हाई. नारळ फोडला, पाणी नळीवर शिंपडलं, झेंडू वाहिला, भंडारा लावला. चिमूटभर भंडारा, खोबऱ्याचा तुकडा आन् झेंडूची पाकळी दस्त्याच्या भोकातबी सोडली, देव आतपर्यंत पोचावा म्हणून. मग आज्याच्या घोंगडीत गुंडाळली. बाकी दोघींना नुसतं कुंकवाचं बोट लावून कॅनव्हासच्या पिशव्यांत सरकवल्या. मान हिचा.

संपत, माझा लेक, गाडी चालवत, मी मागं. गिरिमपाशी पावसानं झोडपलं. पण धनगराची घोंगडी ती! वर निथळत होती, आत थेंब शिरला नसंल. तरी दौंडात शिरताना एका दुकानातनं खताची प्लॅस्टिकची पिशवी घेतली, घोंगडीसकट बंदूक त्यात घातली आन् तोंड सुतळीनं करकचून बांधलं. म्हणलं, आता वारासुद्धा आत जायचा न्हाई.

ठाण्यात मुद्देमालाच्या खोलीवर एक पोरगी बसवलीय, हर्षदा नावाची हवालदार. तिशीची असंल. म्हणाली, “काका, नंबर बघायला लागेल.” पिशवीचं तोंड सोडून नळीवरचा नंबर दाखवला. तर ही आत हात घालून म्हणती, “हे ओलं लागतंय. बंदूक बाहेर काढून पुसून द्या ना.” म्हणलं, बाई, पूजा झालेली हाय, आता घरी परत गेल्याशिवाय उघडायची न्हाई. तर पावतीवर काय लिहावं तिनं? “गुंडाळलेले कापड ओलसर. हळद-कुंकू लागलेले. शस्त्र पूर्ण पाहिले नाही.”

तळपायाची आग मस्तकाला गेली. ओलसर? देवाच्या पाण्याला ओलसर म्हणती? मी काय बेवारस भंगार आणून टाकलंय? मागं पंधरावीस जणांची रांग होती, सगळ्यांना ऐकू जाईल असं सुनावलं. बिचारी गोरीमोरी झाली. पावती फाडली आन् दुसरी लिहिली, “शस्त्र सुस्थितीत जमा.”

आत्ता कसं! सरकारी माणसाला वेळेवर दटावलं की सरळ होतं.

७ ऑक्टोबर, सोमवार. खंडेनवमी

पाटावर एकटा कोयता आन् माझं जुनं मायक्रोमीटर. बंदुकांची जागा मोकळी. घास उतरंना.

नारळ घेऊन दौंड गाठलं. म्हणलं, आत सोडू नका, दारातनं दर्शन घेतो. न्हाई म्हणले. आन् स्वतः काय चाललेलं? ठाण्याच्या बंदुकांची पूजा! हार, ऊदबत्त्या, पेढे. मुद्देमालाच्या खोलीच्या उंबऱ्यावर त्या हर्षदाबाईनं फूल ठेवलं, कुणीतरी तिथंच नारळ फोडला आन् पाणी शिंपडलं. ह्यांनी करायची ती पूजा, आम्ही करायचं ते थेर. मला पेढा दिला. खिशात घालून आणला, कुत्र्याला टाकला.

४ नोव्हेंबर, सोमवार

वाटोळं झालं.

आज बंदुका परत मिळाल्या. घरी येऊन सुतळी कापली. आतनं असा कुबट वास आला की तानुबाई पदर नाकाला लावून मागं सरली. घोंगडीला पांढरी बुरशी. आन् बंदूक... नळी तांबडी. शेवटापर्यंत तांबडी. बोट फिरवलं तर पापुद्रे हातात आले. शिसवीचा दस्ता फुगून तडकलाय. गोळी चढवायचा खटका ओढतो तर जाग्यावरनं हलत न्हाई.

कारखान्यात माझ्या लेथवर गंजाचा ठिपका दिसला तर मी हेल्परला दिवसभर उपाशी घासायला लावायचो. आन् माझी बंदूक सहा आठवड्यांत ह्यांनी भंगार करून दिली!

आन् ऐका गंमत. देशी आन् चेकोस्लोव्हाकियाची, दोघी जशाच्या तशा. ठिपका न्हाई. एकच खोली, एकच फळी. मग हिलाच कसं झालं? साधी गोष्ट हाय. भारी चीज बघून हिलाच हात लावलाय कुणीतरी. खंडेनवमीला हिच्यावरच पाण्याची खैरात केली असणार. मी डोळ्यानं बघितलंय नारळ फोडताना.

तानुबाई म्हणती, पितरांचा कोप. मी म्हणलं, पितरं खाकी घालत न्हाईत.

नागसेनला फोन केला. हा माझा रेंजवरचा जोडीदार, दौंडच्या एस.आर.पी.त तीस वर्षं आर्मोरर, म्हंजी हत्यारांचा मिस्त्री होता. म्हणाला, “उद्या येतो, खोलून तेलात टाकू, जेवढी वाचंल तेवढी वाचंल.” सांगितलं, खबरदार! पुरावा हाय तो. पुराव्याला हात लावायचा न्हाई. होती तशी घोंगडीत गुंडाळून ठेवली.

५ नोव्हेंबर, मंगळवार

तक्रार दिली. एक प्रत ठाण्यात, एक डीवायएसपी साहेबांना. विषय: शासकीय ताब्यात असताना माझ्या शस्त्राची झालेली विटंबना. सोबत पावती जोडली. “सुस्थितीत जमा”, खाली तिची सही, शिक्का. नशीब माझं, त्या दिवशी तिला दटावून नीट लिहून घेतलं. नायतर आज उलटली असती.

शेवटी लिहिलं, “संबंधित कर्मचाऱ्यावर कडक कारवाई व्हावी.” दोनदा अधोरेखित केलं.

१८ नोव्हेंबर, सोमवार

आज संध्याकाळी ती हर्षदा वस्तीवर आली. साध्या साडीत, एकटी. उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांना विचारत विचारत.

ओसरीवर उभी राहूनच बोलली. “काका, माझी शिरूरला बदली झालीय. ऑर्डर निघालीय. माझी मुलगी तिथं आईजवळ असते, चार वर्षांची आहे. तुमच्या तक्रारीनं चौकशी लागली, ऑर्डर अडकली. साहेब म्हणतात, पावतीत सुस्थितीत लिहिलंय, म्हणजे बिघडलं ते तुझ्या ताब्यात बिघडलं.”

म्हणलं, बरोबरच बोलतायत साहेब.

“पण मी आधी काय लिहिलं होतं, तुम्हाला आठवतं ना? तुम्हीच बदलायला लावलं. एवढं फक्त ९ डिसेंबरच्या सुनावणीत साहेबांसमोर सांगा.”

घ्या! म्हंजी बंदूकबी माझी गेली आन् साक्षबी मीच द्यायची, तीसुद्धा हिच्या बाजूनं! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. मी बोललो, बाई, लेकरू समद्यांनाच असतं. नव्वद वर्षं टिकलेली चीज तुमच्या हातात सहा आठवडे टिकली न्हाई, त्याचं बोला. तिचे डोळे भरले, पण खाली मान घालून उभी राहिली.

ह्यावर तानुबाईनं काय करावं? तिला आत नेऊन चहा दिला! आन् जाताना ओटी भरली! माझ्या घरात, माझ्या विरोधी पार्टीची! रात्रीची भाकरी मी मुद्दाम अर्धी टाकली. कुणाचं लक्ष गेलं न्हाई.

२४ नोव्हेंबर, रविवार

रेंजवर गेलो होतो. सगळ्यांना बंदुकीचे फोटो दाखवले. सगळे हळहळले. एकानं विचारलं, “म्हाळूआप्पा, जमा करताना तेल लावलं होतं ना?” आता ह्याला काय सांगायचं? मला विचारतो, तेल लावलं का! कालची पोरं. नागसेन तेवढा माझ्याकडं बघत राहिला.

तेल लावलं होतं का, आठवत न्हाई. पूजा केली होती एवढं नक्की.

१ डिसेंबर, रविवार

नागसेन न विचारता आला. हातात हत्यारांची पेटी. म्हणाला, “९ तारखेला सुनावणी हाय. साहेबानं विचारलं आत किती गंज हाय, तर काय सांगशील? पुरावा उघडून बघितल्यानं मरत न्हाई.” पटलं. चांगला मुद्दा होता, आपल्याच बाजूचा.

ओसरीवर पेपर अंथरला. त्यानं नळी वेगळी केली, दस्ता सोडवला. दस्त्याच्या आत गोळ्यांची लांब नळी असती, ती काही केल्या निघंना. पाना लावून, पिळून पिळून ओढली, तवा निघाली. पेपरवर आपटली तर आतनं एक पिवळा खडा पडला. वाळून दगड झालेला. त्यात खोबऱ्याचा तुकडा आन् झेंडूची एक पाकळी.

नागसेननं तो नखानं खरवडून बघितला. मग म्हणाला, “भंडारा हाय.”

म्हणलं, हायच की! खंडेनवमीला ठाण्यात पूजा केली त्यांनी. मी सांगत न्हवतो?

“दस्त्याच्या भोकात?” नागसेन म्हणाला. “म्हाळू, ते भोक तुला आन् मला सोडून ह्या तालुक्यात कुणाला ठाऊक हाय?”

मी म्हणलं, तुला देवाधर्माचं काय कळतंय, तू पूजा करीत न्हाईस.

“न्हाई करत,” तो म्हणाला. “मी तेल लावतो.” आन् पेटी उचलून निघाला. आगळीपाशी थांबून म्हणाला, “काखेत कळसा आन् गावाला वळसा, गड्या.”

एवढा राग आला! तो गेल्यावर त्याला खोटं पाडायला ही वही उघडली. २५ सप्टेंबरचं पान काढलं. माझंच अक्षर. पाणी शिंपडलं. भंडारा भोकात सोडला. घोंगडी निथळत होती. तोंड सुतळीनं करकचून बांधलं. आता वारासुद्धा आत जायचा न्हाई.

तेलाचा शब्द कुठंच न्हाई.

२ डिसेंबर, सोमवार. चंपाषष्ठी

आज घरात तळी भरली. तानुबाईनं कपाळाला भंडारा लावला. बोटाला पिवळं लागलं आन् मी ते धोतराला पुसत बसलो. देवाचा दोष न्हाई. देवानं कुठं सांगितलंय ओल्या घोंगडीत कोंडा म्हणून? देव म्हणला असता, टर्नर हायेस ना, मग अक्कल कुठं गहाण ठेवलीस?

पस्तीस वर्षं मी पोरांना ओरडत आलो, ओलं फडकं मशीनवर ठेवू नका. आन् ती पोरगी, जिला बंदुकीतलं ओ की ठो कळत न्हाई, तिनं नुसता हात लावून ओळखलं. पुसून द्या म्हणाली. मी चारचौघांत तिला खोटं लिहायला लावलं, आन् तेच खोटं घेऊन तिच्या मानेवर बसलो. असा राग कधी कुणाचा आला न्हाई, जसा आज स्वतःचा येतोय.

दुपारी अर्ज लिहिला, “तब्येतीच्या कारणास्तव मी माझी तक्रार मागे घेत आहे.” तानुबाई म्हणाली, वाचून दाखवा. वाचला.

म्हणाली, “मग तिच्या कागदावर डाग ऱ्हातोच की. लोक म्हणतील, म्हाताऱ्यानं दया केली. आन् तुमच्या तब्येतीला काय झालंय? सकाळी सहा पुरणपोळ्या हाणल्या.”

अर्ज फाडला.

९ डिसेंबर, सोमवार

जाताना सोबत तीन गोष्टी नेल्या. बुरसटलेली घोंगडी, डबीत तो पिवळा खडा, आन् ही वही. वाटेत दोनदा संपतला म्हणलं, गाडी वळव. तो वळवायला लागला की म्हणायचं, न्हाई, चल. तिसऱ्यांदा त्यानं विचारलंच न्हाई, तसाच दामटत राहिला.

साहेबांच्या केबिनमध्ये ती एका कडेला सावधान उभी. साहेबांनी तक्रार वाचायला घेतली. म्हणलं, साहेब, थांबा, त्याच्या आधीचं मी वाचतो. आन् ही वही उघडून २५ सप्टेंबर सगळं वाचलं. “सरकारी माणसाला वेळेवर दटावलं की सरळ होतं” हेसुद्धा. ते वाक्य गिळून टाकावं वाटलं, पण तिथं गिळलं असतं तर सगळंच गिळलं असतं.

घोंगडीपाशी आलो तवा साहेब हसले. त्यांचा लिहून घेणारा रायटरबी हसला. मला चीड आली. हसायला काय झालं? माझी नव्वद वर्षांची बंदूक गेली, एका बाईचं लेकरू आईवाचून राहिलं, आन् ह्यांना हसू येतं! तसं बोललोबी. साहेबांनी कोरा कागद पुढं सरकवला, म्हणाले, “लिहून द्या.” लिहून दिलं. “बंदूक मी स्वतः ओल्या घोंगडीत बांधून दिली. हवालदार हर्षदा यांनी खरे लिहिले होते, ते मी दमदाटी करून बदलायला लावले. त्यांचा कसलाही दोष नाही.” दमदाटी हा शब्द साहेब गाळा म्हणाले, मी गाळला न्हाई.

बाहेर आल्यावर ती मागनं आली. मला वाटलं, आता बोलंल. बोलावंच तिनं, माझी तयारी होती. तर म्हणाली, “काका, माझंही चुकलं. मी जे पाहिलं तेच ठेवायला हवं होतं. रांग बघून घाबरले.”

माझी माफी मागती! ह्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१५ डिसेंबर, रविवार

आता सरकारनं नवा कायदा आणलाय. एका माणसाला दोनच बंदुका. तिसरी वर्षाच्या आत जमा करायची. कुठल्या शहाण्याच्या डोक्यातनं निघालं हे? दोन बंदुकांचा माणूस साधू आन् तीनवाला डाकू? रेंजवर आज सगळे तावातावानं बोलत होते. मीबी बोललो, माझा आवाज सगळ्यात मोठा होता.

मग नागसेन म्हणाला, “आणलीयस का तिला?” आणली होती. चंपाषष्ठीच्या दुसऱ्या दिवशी मीच त्याच्याकडं नेऊन दिलेली, त्यानं दहा दिवस तेलात ठेवून, घासून, खटका सोडवून दिलाय. माझ्याशी फार बोलत न्हाई अजून, पण काम केलं. अकरा गोळ्या भरल्या. पहिली सुटली. पुढची चढली न्हाई. हातानं खटका ओढून चढवली, तवा दुसरी सुटली. असं अकरा वेळा, प्रत्येक गोळीला हातानं ओढून. कागदावर भोकं पसरली हातभर. पूर्वी अकराच्या अकरा आठ आण्याच्या नाण्याखाली झाकायच्या.

नागसेन म्हणाला, “नळी आतनं खाल्लीय. आता शोभेची.”

३० डिसेंबर, सोमवार

सगळे म्हणाले, वर्षभर मुदत हाय, कशाला घाई करतोस? कुणाला सांगितलं न्हाई, पण मी चौकशी केली होती. हर्षदाताईंची ऑर्डर मोकळी झालीय, उद्या त्या दौंड सोडतायत.

सकाळी तिघींना ओसरीवर ठेवलं. चांगल्या दोघी ठेवायच्या आन् मोडकी द्यायची, हिशेब सरळ होता. तरी दोन तास बसलो. शिसवीच्या दस्त्याला तडकलेल्या जाग्यावर अंगठा फिरवत होतो, तर तानुबाई येऊन म्हणाली, “कुंकू लावू का?” म्हणलं, नको. तेलाची डबी आण. आत-बाहेर तेल दिलं, कोरड्या सुती फडक्यात गुंडाळली. पिशवी न्हाई, सुतळी न्हाई.

ठाण्यात रांग न्हवती. हर्षदाताईंनी मला बघून खुर्ची दिली. नंबर पडताळला. मग पेन हातात धरून थांबल्या. माझ्याकडं बघंनात. हळूच म्हणाल्या, “काका, आता कायमचीच जमा होतेय. काय लिहू? सुस्थितीत लिहिलं तरी आता कुणी विचारणार नाही.”

माझी लाज राखायला निघाली होती पोरगी. फडकं मीच सोडलं, बंदूक बाहेर काढून त्यांच्यापुढं टेबलावर आडवी ठेवली.

म्हणलं, उजेडात धरा, नळीतनं बघा, हात लावा, आन् दिसतंय ते लिहा.

त्यांनी बघितलं. नीट, सावकाश, दस्त्याच्या भोकातसुद्धा. मग लिहिलं, “नळीच्या आत-बाहेर गंजाचे खड्डे. दस्ता तडकलेला. पुढील गोळी आपोआप चढत नाही. दस्त्याच्या छिद्रात हळदीचे पिवळे डाग. शस्त्र तेल लावून, कोरड्या कापडात जमा.”

पावती माझ्याकडं सरकवली. मी चष्मा लावून दोनदा वाचली. मग सही केली, एक शब्द बदलायला लावला न्हाई.